तिच्या श्वासाच्या खुणा

आमच्या ज्यू लोकांत माणूस गेलं की घरातलं गाणं-वाजवणं बंद होतं. सात दिवस शिवा, म्हणजे बुटक्या स्टुलावर नाहीतर जमिनीवर बसायचं, आरसे झाकायचे, मग तीस दिवसांचा श्लोशीम, आणि आई किंवा वडील गेले असतील तर पूर्ण वर्ष लग्नकार्यात आणि गाण्याबजावण्याच्या ठिकाणी जायचं नाही. हे सुतक कोणाला लागतं तेही ठरलेलं आहे. आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा-बायको. बस. गुरू-शिष्याचं नातं त्यात बसत नाही, त्यामुळे माझी विद्यार्थिनी गेली तेव्हा धर्माच्या कायद्याने मला काहीच लागू नव्हतं, मी दुसऱ्या दिवशी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा मोठं, खालच्या सुराचं वाद्य, काढून वाजवला असता तरी कोणी बोललं नसतं. मी कितीतरी महिने वाद्याची केस उघडली नाही.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजी नवगावच्या बाजूची, अलिबागजवळ, जिथे आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं सांगतात आणि जिथे आमची जुनी दफनभूमी आहे. व्हायोलिन मी वांद्र्याच्या एका गोवेकर सरांकडे शिकले, ते स्वतः चर्चमध्ये वाजवायचे आणि चूक झाली की पट्टीने स्टँडवर टकटक करायचे. चौदाव्या वर्षी आम्ही इस्राएलला आलो, तिथे व्हायोलिनवरून व्हायोलावर गेले, आता दक्षिणेतल्या बेअरशेवाला शिकवते आणि थोडंफार संगीत लिहिते, म्हणजे वेस्टर्न क्लासिकल, स्ट्रिंग्जसाठी जास्त.

ती माझ्याकडे नवव्या वर्षी आली. तिचं घरही आमच्यातलंच, आई पेणकडची, त्यामुळे क्लासमध्ये मी मोरा, म्हणजे बाई, आणि घरी गेलं की मावशी. तिची एक सवय होती. प्रत्येक मोठ्या ओळीच्या आधी, बो (गज) उचलताना, ती नाकाने जोरात श्वास घ्यायची. इतका जोरात की शेवटच्या खुर्चीवर ऐकू जावा. मी तेरा वर्षं तिला त्यावरून रागावले. अगं वाजव, धापा नको टाकू. ती हसायची आणि पुढच्या ओळीला परत तेच.

7 ऑक्टोबर 2023, शनिवार, सिम्हात तोराचा सण. साडेसहाच्या सुमारास सायरन सुरू झाले, आमच्याकडे सायरन वाजला की साधारण मिनिटभर मिळतो तेवढ्यात ममादमध्ये जायचं, ममाद म्हणजे घरातली काँक्रीटची सुरक्षित खोली. गाझाच्या सीमेपाशी रेईमजवळच्या ज्या म्युझिक फेस्टिव्हलवर हमासने हल्ला केला तिथे ती गेली होती हे मला दुपारी कळलं. दिवसभर हेलिकॉप्टरं सोरोका हॉस्पिटलवर उतरत होती, आमच्या घरातून आवाज येतो, आणि प्रत्येक हेलिकॉप्टरला तिची आई मला फोन करायची, यात असेल का गं, यात असेल का. पाचव्या दिवशी ओळख पटली. त्याच रात्री दफन झालं. मध्येच सायरन झाला, सगळे लोक कबरींच्या मधल्या जागेत जमिनीवर पालथे झोपले आणि तिची आई उभीच राहिली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, याच्यापलीकडे त्या रात्रीचं मला काही लिहायचं नाही.

मग महिने गेले. गाझाच्या सीमेजवळची माणसं डेड सीच्या आणि ऐलातच्या हॉटेलांत हलवली होती, मी आठवड्यातून एकदा डेड सीच्या एका हॉटेलात लहान मुलांना शिकवायला जायचे, अर्ध्या मापाची व्हायोलिनं गाडीत घालून. मुलांना सुरात लावून द्यायचे, स्वतः वाजवायचे नाही. मुलांना काही वाटत नव्हतं त्याचं. पुरीमचा सण झाला (आजी त्याला होळीचा सण म्हणायची, आमच्यात सगळ्या सणांना अशी कोकणातली नावं आहेत, रोश हशाना तो नव्याचा सण, योम किप्पूर तो दारफळणीचा, पेसाख तो अनाशी ढाकाचा), आणि त्यानंतर तिची आई घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, "ताई, वर्षाला लोक जमतील, भाषणं करतील. मला भाषणं नकोत गं. तू तिच्यासाठी काहीतरी लिही."

मी म्हटलं, लिहिते. पण कसं ते डोक्यात काहीच नव्हतं.

घरात एक अडचण आधीच निघाली. त्यांच्याकडच्या एका मोठ्या काकांना हे पटलं नाही, शोकात संगीत कसलं, म्हणाले, बाबेलच्या नद्यांकाठी आपल्या लोकांनी वीणा झाडांना टांगून ठेवल्या, स्तोत्र 137 वाच. ते चुकीचं बोलत नव्हते. जेरुसलेमचं देऊळ पडल्यापासून आपल्या प्रार्थनेतून वाद्यं गेली ती त्याच दुःखापायी गेली असंच आम्ही लहानपणापासून ऐकलं. नंतर रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारलं तर ते म्हणाले, मुलीसाठी आईबापांना शोक तीस दिवसांचा, वर्षभराचा नियम आईवडिलांसाठीच, त्यामुळे आठवणीच्या संध्याकाळी वाजवायला हरकत नाही. पण काकांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना आणि जाऊही नये असं वाटलं. कारण त्याच स्तोत्रात पुढे प्रश्न आहे ना, परक्या भूमीत आम्ही देवाचं गीत कसं गावं? प्रश्न विचारलाय, आणि तो प्रश्न स्वतःच गाण्यात आहे!

आपल्या लोकांनी याआधी काय केलं ते मी परत ऐकायला बसले. शोएनबर्गचं वॉर्सातून वाचलेल्याचं ते 1947 चं काम, सातेक मिनिटांचं, शेवटी पुरुषांचा कोरस शेमा, आमची मुख्य प्रार्थना, म्हणतो, अंगावर येतं, पण मला तेवढा आवाज नको होता. बर्नस्टाइनची कद्दीश सिंफनी, पहिल्यांदा वाजली ती तेल अवीवलाच, डिसेंबर 1963 मध्ये, त्यात देवाशी भांडण आहे, तेही मोठंच. मग तेरेझिनच्या नाझी छावणीतले लोक. संगीतकार विक्टर उलमान त्या छावणीत बसून लिहून गेला की आम्ही काही नुसते बाबेलच्या नद्यांकाठी रडत बसलो नव्हतो, जगण्याची इच्छा जेवढी तेवढीच कलेची इच्छा होती. म्हणजे काकांनी सांगितलेलं तेच स्तोत्र! हा माणूस 1944 च्या ऑक्टोबरमध्ये ऑशविट्झला मारला गेला.

आणि तिथलाच गिडिऑन क्लाइन. त्याचं स्ट्रिंग ट्रिओ, व्हायोलिन, व्हायोला, चेलो. ऑशविट्झला नेण्याच्या नऊ दिवस आधी त्याने ते पूर्ण केलं, वय 24. मधला भाग त्याच्या स्वतःच्या मोरावियातल्या लोकगीतावर आहे, गावाकडचं साधं गाणं आणि त्याची व्हेरिएशन्स. ही व्हायोलाची ओळ माझ्या मुलीने (मी तिला माझी मुलगीच म्हणते आता) सोळाव्या वर्षी माझ्याकडे बसवली होती. तिची प्रत माझ्याकडेच राहिली होती. त्यावर माझ्या पेन्सिलीच्या खुणा, प्रत्येक ओळीच्या आधी मी लिहिलेलं, श्वास नको, श्वास नको, श्वास नको.

पहिला मसुदा मी असा केला की चौघांचं क्वार्टेट, पण व्हायोलाची खुर्ची रिकामी. तिघांनीच वाजवायचं, मधे भोकं सोडायची. कागदावर फार परिणामकारक दिसत होतं आणि म्हणूनच मला त्याचा संशय आला. तिची आई पहिल्या रांगेत बसून वीस मिनिटं त्या खुर्चीकडे बघणार. तिच्या घरात रोज जेवताना रिकामी खुर्ची आहे, ती बघायला तिला हॉलमध्ये बोलवायची काय गरज? फाडून टाकलं.

दुसऱ्या मसुद्यात सायरन होता. तारवाद्यावर सायरन काढणं फार सोपं असतं, बोट दाबून वर सरकवायचं की झालं. एका दुपारी क्लास संपता संपता मी ते जरासं करून बघितलं, आणि खोलीत दहा वर्षांचा एक मुलगा बो ला रोझिन, म्हणजे राळ, लावत होता, त्याने हातातला बो टाकला आणि दाराकडे पळाला. मागे न बघता. मी त्याला जिन्यात गाठलं, मिठी मारली, माफी मागितली. ते पानही गेलं. जो आवाज लोकांच्या पाठीच्या कण्यात बसलाय तो त्यांना परत ऐकवणं मला जमणार नाही, आणि ते करणाऱ्यांचं मला कळतही नाही खरंतर.

आता हे सांगायला हवं की मी लिहीत होते ते ममादमध्ये. एक तर रात्री केव्हाही जावं लागायचं त्यापेक्षा तिथेच टेबल टाकलं, आणि दुसरं म्हणजे लोखंडी खिडकी बंद केली की बाहेरचं कमी ऐकू येतं. कमी, बंद नाही. बेअरशेवाहून गाझा सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास आहे. रात्री बाँबचे आवाज यायचे, आवाज म्हणण्यापेक्षा धक्का, आधी काच हलायची मग छातीत कळायचं. तिथे माणसं मरत होती, मुलं मरत होती, आणि मी इथे पेन्सिल घेऊन बसलेय हे मला प्रत्येक धक्क्याला कळत होतं. ही गोष्ट बाजूला ठेवून मला लिहिता येत नव्हतं. तिच्या दुःखात हे मिसळायचं का, तिच्या आईला काय वाटेल, हे काही ठरत नव्हतं, पण कानाला दार लावता येत नाही.

त्या खोलीत पहिल्यांदा केस उघडली तेव्हा तारा पूर्ण उतरल्या होत्या. लावल्या. सगळ्यात खालची तार सी, ती नुसती मोकळी ओढली आणि खोली घुमली. परत ओढली, परत घुमली. बाकी कुठल्याच सुराला नाही, सी ला मात्र भिंती बरोबर बोलायला लागायच्या. काँक्रीटची छोटी चौकोनी खोली, अडीच-पावणेतीन मीटरची, तिच्या मापात तो सूर बसत होता एवढंच शास्त्र आहे त्यात. पण मी तशीच बसले आणि अर्धा तास ती एकच तार ओढत राहिले आणि मला तानपुरा आठवला. आणि तानपुऱ्यावरून आकाशवाणीची ती सकाळची धून, मागे तानपुरा आणि वर व्हायोलिन, आमच्या ठाण्याच्या घरात रेडिओ लावला की पहिली ती यायची. ती धून वॉल्टर काउफमनची मानतात हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. हिटलरच्या युरोपातून निघालेला ज्यू माणूस, 1934 मध्ये मुंबईत आला, मुंबई रेडिओवर युरोपियन संगीताचा विभाग सांभाळला, 1946 पर्यंत मुंबईतच राहिला. अख्ख्या देशाने त्याचे सूर रोज सकाळी ऐकले आणि दात घासले. मला हे आठवून फार आधार वाटला. म्हणजे तानपुरा आणि व्हायोलिन आणि घर सुटलेला ज्यू माणूस हे एकत्र आधी येऊन गेलंय, मी काही नवीन उपद्व्याप करत नाहीये.

चेलोची सगळ्यात खालची तारही सी, व्हायोलाच्या एक सप्तक खाली. तेव्हा ठरलं. क्लाइनसारखं तीन वाद्यांचंच, आणि चेलो सी धरणार, पहिला भाग पूर्णभर, हलायचं नाही. सा लागला.

सा वर काय? इथे आजी आली. आजी पहाटे ओव्या म्हणायची, पहिली माझी ओवी गं करून सुरू होणाऱ्या, जातं तर ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नव्हतं, पण तांदूळ निवडताना, वाल सोलताना म्हणायची. चाल चार सुरांची. सा, रे, कोमल ग, म, आणि परत खाली. कोकणातल्या कुठल्याही बाईची असते तशीच, आमचे लोक तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली, बाकी बायका बायकांसारख्याच गायच्या. तीच आजी तिशा बेआवला, देऊळ पडल्याच्या उपासाला, एखा ऐकून यायची, म्हणजे विलापगीत, आणि घरी येऊन त्याची चाल गुणगुणायची. मी दोन्ही चाली कागदावर एकाखाली एक लिहिल्या, जशा मला आजीच्या तोंडच्या आठवतात तशा. दोन्ही चारच सुरांत फिरतात. दोन्ही वर जायला बघतात आणि म वरून खाली येतात. एक वाक्य देवळाबद्दल रडतंय, एक माहेरच्या वाटेबद्दल, आणि गळा तोच. कोणी म्हणेल आजीच्या गळ्यातून आल्या म्हणून सारख्या झाल्या असतील. असू दे की. मला आजीचाच गळा हवा होता.

क्लाइनने मोरावियातलं गाणं घेतलं, मी नवगावची ओवी घेतली. मधला भाग म्हणजे ओवी व्हायोलावर आणि तिची पाच रूपं. शेवटच्या रूपात ओवी व्हायोलिनकडे जाते आणि व्हायोला एखाची चाल धरतो.

2024 चा तिशा बेआव ऑगस्टमध्ये होता, 12 च्या संध्याकाळपासून 13 पर्यंत. आमच्यात त्याला बिरड्याचा सण म्हणतात. त्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून वालाचं बिरडं. मी इथल्या इंडियन दुकानातून वाल आणले, भिजवले, फडक्यात बांधले, मोड आले, आणि त्या दुपारी सोलायला बसले. वाल चिमटीत धरायचा, जरा दाबायचा, दाणा सुळकन बाहेर येतो आणि साल बोटाला चिकटून राहते. मोड मोडू द्यायचा नाही, आजी त्यावरून फार ओरडायची. तिची आई माझ्यासमोर बसून सोलत होती. दोघींची बोटं पांढरी, सुरकुतलेली. बोलणं काही नाही. बाहेर लांबवर धक्के चालूच. तिने एकदा मान वर केली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "तिथेपण कोणीतरी आईच बसली असेल ना गं." आणि परत सोलायला लागली.

संध्याकाळी सिनेगॉगमध्ये (जुनी माणसं मशीद म्हणायची, मुंबईतलं 1796 चं आमचं पहिलं सिनेगॉग ते जुनी मशीद) सगळे जमिनीवर बसले, दिवे कमी केले, एखा वाचायला सुरुवात झाली. दुसरा अध्याय आला. त्यात आहे, लेकरं शहराच्या चौकांत मूर्च्छा येऊन पडतात, आयांना विचारतात धान्य कुठे आहे, आणि आईच्या मांडीवर त्यांचा जीव जातो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या जेरुसलेमबद्दल आहे ते. दरवर्षी ऐकते. त्या वर्षी मला ते आमचं म्हणून ऐकता येईना आणि त्यांचं म्हणूनही ऐकता येईना, नुसतं लेकरू ऐकू येत होतं. घरी येऊन मी त्या ओळीच्या हिब्रू शब्दांचे उच्चार, ठोके, कुठे आवाज पडतो कुठे चढतो, ते सगळं व्हायोलाच्या ओळीत लिहिलं, आणि सुरांच्या खाली बारीक अक्षरात ते शब्दही लिहिले. गायचे नाहीत. वाजवणाऱ्याला दिसावेत एवढंच, म्हणजे बो शब्दासारखा वळेल.

तिसरा भाग कद्दीशचा. मेलेल्यांसाठी म्हणतात ते कद्दीश, आणि त्यात मरणाचं नावसुद्धा नाही, सगळी देवाची स्तुती, अरामी भाषेत, आणि एकट्याने म्हणता येत नाही, दहा जण लागतात. त्यात एका ठिकाणी आठ क्रियापदं एकामागोमाग येतात, त्याचं नाव धन्य होवो, वाखाणलं जावो, गौरवलं जावो, असं चढत जातं. मी आठ कॉर्ड्स लिहिले, पिझिकातो, बोटाने छेडलेले. पण चढवले नाहीत. पहिला सगळ्यात भरलेला, मग प्रत्येकात एक एक सूर कमी, आठवा म्हणजे चेलोची एकटी तार. शिवाला बसलेला माणूस कद्दीश म्हणताना मी ऐकलाय, शब्द वर चढत असतात आणि आवाज बसत जात असतो, ते तसं आहे.

शेवट कुठे करायचा हे मात्र परंपरेनेच सांगितलं. विलापगीताचं शेवटचं वाक्य फार कडू आहे, तू आम्हाला टाकलंस असं. तिथे थांबायचं नाही म्हणून त्याच्या आधीचं वाक्य, आम्हाला तुझ्याकडे परत आण, ते परत म्हणतात आणि मग थांबतात. यशया, मलाखी, उपदेशक आणि विलापगीत, या चार पुस्तकांना हाच रिवाज. मला हे लहानपणापासून आवडतं. कडू वाक्य खोडत नाहीत, ते राहतं तिथेच, फक्त त्याच्या मागचं एकदा उचलून पुढे ठेवतात. मीही शेवटची ओळ तशीच ठेवली आणि तिच्या आधीची ओळ परत दिली, म्यूट, म्हणजे आवाज दाबणारा तुकडा, लावून, व्हायोलाला.

आणि श्वास. हे मी सगळ्यात शेवटी केलं, सप्टेंबरमध्ये, स्कोअर कॉम्प्युटरवर उतरवताना. तिची क्लाइनची प्रत शेजारी ठेवून मी माझ्या व्हायोलाच्या ओळीत जिथे जिथे तिने श्वास घेतला असता तिथे तिथे स्वल्पविराम टाकला. एकूण 31 जागा झाल्या. पहिल्या जागेवर लिहिलं, नाकाने श्वास घ्या, ऐकू येऊ दे.

रिहर्सल सुरू झाल्या. व्हायोला मी स्वतः वाजवणार नव्हते, हात थरथरतील याची खात्री होती, माझी एक जुनी विद्यार्थिनी वाजवणार होती. चेलोवाला चांगला वाजवणारा, त्याचा धाकटा भाऊ सैन्याच्या रिझर्व्हमध्ये, तेव्हा गाझातच. दुसऱ्या रिहर्सलला त्याने स्कोअरमधले ते शब्द वाचले आणि थांबला. म्हणाला, ही कोणाची मुलं आहेत? मी म्हटलं, एखातली. तो म्हणाला, आत्ता, या वर्षी, ही कोणाची मुलं आहेत ते सांग. मी जे खरं होतं ते सांगितलं, की मी हे लिहिताना खिडकी हलत होती, मला वेगळी करता आली नाहीत. तो म्हणाला, तिच्या आठवणीच्या दिवशी तू हे करतेयस, तिला कोणी मारलं ते विसरून? मी म्हटलं, एक मिनिटही विसरले नाहीये. आवाज चढले, व्हायोलिनवाली उठून पाणी प्यायला गेली. तो चेलो भरून निघून गेला.

मी तिच्या आईला फोन केला. काढू का ते शब्द, विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, तू वाल सोलताना होतीस ना तिथे? मग." एवढंच.

आठवड्याने तो आला. आमचं एकमत झालं नाही, आजही नाही. त्याने आपल्या प्रतीवर त्या शब्दांवर कागदाची पिवळी पट्टी चिकटवली होती, सूर दिसत होते, शब्द झाकलेले. मी काही बोलले नाही. त्याने जे वाजवलं ते मला हवं होतं त्यापेक्षा चांगलं होतं, बो इतका हळू की तार तुटेल की काय वाटावं. 1 ऑक्टोबरची रिहर्सल गेली, त्या संध्याकाळी इराणहून क्षेपणास्त्रं आली, तिघं वाद्यांसकट शेल्टरमध्ये. हिब्रू तारखेने तिचं वर्ष सणाच्याच दिवशी येत होतं, त्या दिवशी हे सगळं करता येत नाही, म्हणून सण संपल्यावर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात लोक जमले.

हॉल लहान, सव्वाशे खुर्च्या. तिची आई तिसऱ्या रांगेत, काका तिच्या शेजारी. ते आले होते. मी बाजूला भिंतीला टेकून उभी, तिथून तिचा चेहरा दिसत होता. चेलोने सी धरला. हॉल काही माझ्या ममादसारखा घुमला नाही, पण लागला. आणि मग व्हायोलावालीने पहिला श्वास घेतला, नाकाने, जोरात, सांगितला होता तसा.

तिची आई ताठ झाली. दुसऱ्या श्वासाला तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मधल्या भागात ओवी सुरू व्हायच्या आधी मोठा श्वास आहे, त्याला मी बघितलं, तिचेही खांदे वर गेले, तिने पण घेतला तो, व्हायोलाबरोबर, आणि पुढचा पण, आणि त्याच्या पुढचा पण. शेवटच्या ओळीपर्यंत तिने एकही चुकवला नाही. काका मान खाली घालून बसले होते, त्यांचे ओठ हलत होते, काय म्हणत होते माहीत नाही.

नंतर ती माझ्याकडे आली. मला वाटलं काही बोलेल. तिने माझा हात घेतला आणि बोटं बघितली, जणू अजून वालाची सालं चिकटलीत, आणि मग म्हणाली, "तू तिला किती रागवायचीस त्यावरून."

या वर्षी दुसऱ्या एका गावच्या ट्रिओने वाजवायला स्कोअर मागितला, पाठवला. त्यांच्या व्हायोलावाल्याचा निरोप आला, सूर सगळे जमलेत, फक्त ते श्वास जरा विचित्र वाटतात, प्रेक्षकांना चूक झाली असं वाटेल, ते सोडून वाजवलं तर चालेल का. मी लिहिलं, शब्द झाकायचे असतील तर झाका, वेग थोडा कमी-जास्त झाला तरी चालेल, म्यूट नसेल तर नको लावू. श्वास मात्र 31 च्या 31 घे.